नवसागराच्या धुरातला हकीम

शाबानचा महिना अर्धा सरला की आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा. रमजानच्या आधी घरातली तांब्या-पितळेची भांडी आतून उजळलेली हवीत, हा अम्मीचा दंडक होता. शेजारच्या गल्लीतल्या काकूही त्याच दिवशी आपली पातेली घेऊन येत. दिवाळीच्या आधी तो आला की त्यांच्या भांड्यांच्या रांगेत आमचीही दोन पातेली असत. कल्हईवाला जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवी, भाता चालवी, पातेले चांगले तापवी आणि मग त्यात चिमूटभर नवसागर टाकी. भपकन पांढरा धूर उठे, डोळे झोंबत, आम्ही पोरे खोकत मागे सरत असू. तेवढ्यात तो कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पातेले आतून पुसून काढी आणि काळवंडलेले तांबे चांदीसारखे चमकू लागे. नवसागर जातो कुठे, असे मी त्याला एकदा विचारले होते. उडून जातो, एवढेच तो म्हणाला आणि पुढचे पातेले उचलले.

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि तेच शिकवू लागलो. वर्गात त्या नवसागराला मी अमोनियम क्लोराइड म्हणतो. पण कल्हईवाल्याने दिलेले उत्तर सुमारे अकराशे वर्षांपूर्वी एका हकिमाने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. त्या हकिमाचे नाव अबू बक्र मुहम्मद इब्न जकरिया अल-राझी. युरोपात त्यांना ‘राझेस’ म्हणत.

राझी म्हणजे ‘रय’ गावचा. आपल्याकडे कोल्हापूरकर, नागपूरकर म्हणतात तसे ‘रयकर’ म्हणा हवे तर. रय हे शहर आजच्या तेहरानला अगदी लागून होते. बगदादहून खुरासानकडे जाणारा व्यापारी रस्ता तिथून जाई. याच गावामुळे आणखी काही विद्वानांच्या नावापुढे राझी लागले. कुरआनचे मोठे भाष्यकार फखरुद्दीन राझी हे त्यांपैकीच एक, पण ते तीन शतकांनंतरचे. आपले राझी त्याआधीचे. अल-बिरुनी यांनी दिलेल्या तारखांनुसार त्यांचा जन्म हिजरी २५१ च्या शाबानमध्ये, म्हणजे इसवी सन ८६५ मध्ये झाला.

तरुणपणी ते ऊद हे तंतुवाद्य वाजवत आणि गातही, असे जुने चरित्रकार सांगतात. काहींच्या मते ते सराफीही करत. वैद्यकाकडे ते तिशी उलटल्यावर वळले. शिकायला उशीर झाला म्हणून कपाळावर हात मारणाऱ्या आपल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. उशिरा सुरुवात केलेला हा माणूस पुढे रयच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि नंतर बगदादच्याही. बगदाद तेव्हा अब्बासी खिलाफतीची राजधानी होती. ग्रीक, सुरयानी, फारसी आणि संस्कृत ग्रंथांचे अरबी तर्जुमे तिथे उपलब्ध होते. राझींच्या टिपणांत ग्रीक वैद्य गॅलनबरोबरच आपल्या चरक आणि सुश्रुतांचेही दाखले येतात.

त्यांच्या दवाखान्याचे वर्णन दहाव्या शतकातल्या इब्न अल-नदीम यांनी रयच्या एका वृद्धाच्या तोंडून ऐकून लिहून ठेवले आहे. राझी मध्यभागी बसत. त्यांच्यासमोर त्यांचे शागीर्द, त्यांच्यापुढे त्या शागीर्दांचे शागीर्द आणि त्यापुढे आणखी नवखे. रोगी आला की आधी सर्वांत बाहेरच्या मुलांना आपले दुखणे सांगे. त्यांना उमगले नाही तर आतल्या कड्याकडे जाई. सर्वांनी हात टेकले तरच राझी बोलत. आजच्या शिकवणाऱ्या रुग्णालयात वेगळे काय घडते? गरिबांवर त्यांची विशेष माया होती. त्यांना ते पदरचे पैसेही देत. ज्याला हकीम परवडत नाही किंवा मिळत नाही, अशा माणसासाठी त्यांनी एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. हाताशी सहज सापडणारी औषधे आणि खाण्याच्या वस्तू घेऊन कोणत्या दुखण्यावर काय करावे, हे त्यात सांगितले आहे.

पण त्यांचा खरा स्वभाव दिसतो तो वस्तूंकडे पाहण्याच्या पद्धतीत. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून त्यांना एकच नाव द्यायला ते तयार नसत. देवी आणि गोवर या दोन रोगांवर त्यांनी एक छोटा ग्रंथ लिहिला. दोन्हींत ताप, दोन्हींत अंगावर पुरळ. राझी रोग्याजवळ बसून फरक टिपतात: पाठीत दुखणे देवीत अधिक, तर मळमळ आणि तगमग गोवरात अधिक. देवी का येतात, याचे त्यांनी दिलेले कारण मात्र चुकीचे होते. द्राक्षाचा रस आंबतो तसे लहानपणी रक्त आंबते, असे त्यांना वाटे. कारण चुकले, पण पाहिलेले खरे होते. म्हणूनच ते पुस्तक शतकानुशतके वैद्यांच्या उपयोगी पडले आणि १८४८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला.

हीच नजर त्यांनी भट्टीकडे वळवली. ‘किताब अल-असरार’, म्हणजे रहस्यांचे पुस्तक, हा त्यांचा रसायनावरचा प्रसिद्ध ग्रंथ. नाव गूढ असले तरी आत गूढ फारसे नाही. त्या काळी किमयागार मुद्दाम कोड्यात लिहीत. एकाच द्रव्याला दहा टोपणनावे देत, म्हणजे परक्याला पत्ता लागू नये. राझींच्या पुस्तकाचे भाग सरळ तीन आहेत: द्रव्ये कोणती, उपकरणे कोणती आणि कृती कोणत्या. भट्टी, भाता, मूस, चिमटा, कात्री, खलबत्ता, गाळणे, ऊर्ध्वपातनाचे ‘अंबिक’ अशी हत्यारांची यादी ते देतात. प्रयोगशाळेतल्या शिपायाने कपाटाची नोंदवही लिहावी, इतकी ती साधी आहे.

द्रव्यांचे त्यांनी आधी तीन गट पाडले: खनिज, वनस्पतिज आणि प्राणिज. खनिजांचे पुन्हा सहा वर्ग केले. ‘अरवाह’ म्हणजे रूह, ‘अजसाद’ म्हणजे देह, मग दगड, जाज, बोरक आणि क्षार. देह म्हणजे धातू. आगीत वितळतात, पण जागेवर राहतात. सोने, चांदी, तांबे, लोखंड, शिसे, कथील आणि चीनकडून येणारा एक धातू असे सात. रूह मात्र आगीत उडून जातात. त्या चार: पारा, गंधक, हरताळ-मनशीळ ही जोडी आणि आपला नवसागर.

या यादीतली कितीतरी नावे आपल्या घरात आहेत. कथिलाला अरबीत ‘कलई’ म्हणत, तीच आपली कल्हई. नवसागर आणि नौशादर हे एकाच कुळातले शब्द. ‘बोरक’वरून बोरॅक्स आले, ज्याला आपण टाकणखार म्हणतो. ‘जाज’ वर्गात हिराकस आणि मोरचूद येतात. खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख ती ‘अल-कली’. त्यावरून अल्कली आले आणि पोटॅशियमचे ‘कॅलियम’ हे लॅटिन नावही. वर्गातल्या तक्त्यावर पोटॅशियमला ‘के’ का म्हणतात, हे विचारणाऱ्या मुलाला मी या राखेपर्यंत घेऊन जातो.

राझींचे वर्गीकरण नावाच्या रुबाबावर नव्हते, किमतीवरही नव्हते. सोने आणि शिसे एकाच ओळीत बसले, कारण आगीत दोघांचे वागणे एका जातीचे. द्रव्य आगीत काय करते, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

नवसागर तेव्हा मध्य आशियातल्या डोंगरांतून येई, आणि केसांपासूनही काढता येत असे. दोन्ही प्रकार राझींना ठाऊक होते. पश्चिमेकडे त्याचे नाव ‘साल अमोनियाक’ असे रुळले, म्हणजे अमोन देवाच्या देवळाकडचे मीठ. हे जुने नाव वस्तू कुठली ते सांगते. तिच्यात काय आहे ते सांगत नाही. १७८७ मध्ये पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फूरक्रॉय या चौघांनी ठरवले की यापुढे संयुगाचे नाव त्याच्या घटकांवरून पडेल. मग १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवून त्याला नाव दिले. नवसागर अमोनियम क्लोराइड झाला तो या वाटेने. नाव ऐकताच आत काय आहे ते कळावे, ही सोय आपल्याला सव्वादोनशे वर्षांपूर्वी मिळाली.

पण नाव कळले तरी प्रश्न उरतोच: तो उडतो का? इथे बंध समजून घ्यावे लागतात. नवसागरात नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन अणू इलेक्ट्रॉनांच्या जोड्या वाटून घेतात, दोन घरांनी एक विहीर वापरावी तसे. हा सहसंयुज बंध. चौथा हायड्रोजन येतो तो आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून, रिकाम्या हाताने. त्याला नायट्रोजन आपल्याकडची शिल्लक जोडी वापरू देतो. असा चौघांचा धनभारित गट तयार होतो, तो अमोनियम. समोर ऋणभारित क्लोराइड. या दोघांना धरून ठेवते ते विरुद्ध विद्युतभारांचे आकर्षण, म्हणजे आयनिक बंध. एवढ्याशा चिमटीत बंधांचे एकाहून अधिक प्रकार शिकवता येतात. वाटून घेतलेल्या जोडीची ही कल्पना अमेरिकेतल्या गिल्बर्ट ल्यूईस यांनी १९१६ मध्ये मांडली.

तापवल्यावर तो चौथा हायड्रोजन अमोनियमला सोडून क्लोरीनकडे जातो. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू सुटतात. तापलेल्या तांब्यावरचा काळा थर हायड्रोजन क्लोराइड काढून टाकतो आणि स्वच्छ तांब्यावर कथील पकड घेते. वर गेल्यावर, थंड होताच, उरलेले दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण बनतात. तोच तो पांढरा धूर. म्हणजे नवसागर उडून जातो हे खरे, आणि उडून पुन्हा नवसागर होतो हेही खरे. राझींनी याच गुणाचा उपयोग करून ही द्रव्ये शुद्ध केली: खाली आच द्यायची, वर थंड झाकणावर जमलेले खरवडून घ्यायचे, खाली मळ राहतो.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कार्यक्रमात मी या विषयावर बोललो होतो. भाषण रंगात आले आणि मी म्हणून गेलो की आधुनिक रसायनशास्त्रातले सारे काही राझींना आधीच माहीत होते. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नवसागर कशाचा बनलेला आहे हे राझींना माहीत होते का, असे तिने विचारले. माझ्याकडे एकच खरे उत्तर होते आणि ते मी दिले नाही. इधर-उधर करून खाली बसलो. खरे उत्तर असे: नाही, त्यांना माहीत नव्हते. अमोनिया त्यांनी वेगळा केला नव्हता, क्लोरीनची कल्पनाही त्यांना नव्हती. रमजान आला की आपल्या पूर्वजांच्या थोरवीचे असे अनेक संदेश फिरतात. इतर धर्मांच्या सणांतही फिरतात. त्यांत आपण आपल्याच थोर माणसांना न केलेल्या कामाचे श्रेय देतो आणि केलेले काम मात्र वाचत नाही.

राझींनी केलेले काम काय, हे पाऱ्याच्या गोष्टीत नीट दिसते. पारा माणसाला मारतो असा समज होता. राझींनी एका माकडाला पारा पाजला आणि लक्ष ठेवले. माकड कळवळले, पोट आवळून धरू लागले, पण मेले नाही. पारा जसाच्या तसा बाहेर पडला. मात्र क्षार आणि जाज यांच्यासोबत तापवून उडवलेला, पांढरा झालेला पारा अत्यंत मारक असतो, असे त्यांनी बजावले. आज आपण सांगतो की तो क्लोरीनशी जोडला गेला, त्याचे संयुग झाले आणि मूळ पारा व त्याचे संयुग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पुढे हेही कळले की पाऱ्याची क्लोराइडे दोन आहेत. मर्क्युरस क्लोराइड शेकडो वर्षे जुलाबाचे औषध म्हणून दिले गेले, मर्क्युरिक क्लोराइड थोडे पोटात गेले तरी जीव घेते. ‘रस’ आणि ‘रिक’ यांतला फरक पाठ करायचा कंटाळा येतो, अशी तक्रार करणाऱ्या मुलांना मी हा फरक सांगतो. (साधा पाराही निरुपद्रवी नाही. त्याची वाफ विषारी असते. घरात थर्मामीटर फुटला तर तो हाताने गोळा करू नये.)

औषधाच्या बाबतीतही राझी पडताळून पाहत. मेंदूच्या एका तापात रक्त काढण्याचा उपचार करत. त्यांनी काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, कारण त्यांना तुलना करायची होती. त्यांचा निष्कर्ष आज टिकत नाही, पण तुलना करण्याची रीत टिकली. गॅलन हा त्या काळचा वैद्यकातला शेवटचा शब्द. त्याला उस्ताद मानूनही राझींनी त्याच्यावरच्या शंकांचे एक पुस्तक लिहिले. स्वतःच्या बाबतीतही ते सर्वत्र बरोबर नव्हते. हलक्या धातूचे सोने करता येते यावर त्यांचा विश्वास होता आणि ते अशक्य म्हणणाऱ्या अल-किंदींना त्यांनी लेखी उत्तर दिले. सोने मात्र बनले नाही, बनणारही नव्हते.

धर्म आणि पैगंबरीविषयी त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या काही मतांवर कडाडून टीका झाली. ती मते आपल्यापर्यंत बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या लिखाणातून आली आहेत. मला ती मान्य नाहीत. ज्यांनी हिंदुस्थानवर मोठा ग्रंथ लिहिला त्या अल-बिरुनींनाही ती पटत नव्हती. तरी बिरुनींनी बसून राझींच्या ग्रंथांची यादी केली. एकूण १८४ नावे. जो माणूस आपल्याला पटत नाही, त्याच्या कामाची इतकी नेकीने मोजदाद करणे, हा बिरुनींचा गुण मला राझींच्या कोणत्याही शोधाइतकाच मोठा वाटतो.

या लिखाणाची किंमत राझींनी शरीराने चुकवली. आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिलेल्या आत्मपर पुस्तिकेत ते सांगतात की एका वर्षात त्यांनी ताविजावर लिहितात तशा बारीक अक्षरात वीस हजारांहून अधिक पाने लिहिली. एका मोठ्या ग्रंथावर पंधरा वर्षे रात्रंदिवस खपले. त्यात दृष्टी मंदावली, हाताचे स्नायू दुखावले, वाचणे-लिहिणे थांबले. तेव्हा दुसऱ्याकडून वाचून घेऊन आणि लिहवून घेऊन त्यांनी काम चालू ठेवले.

शेवटी ते पूर्ण आंधळे झाले. यावर दोन कहाण्या आहेत. एकीत रयच्या सुभेदाराने सोने बनवून दाखव म्हणून हट्ट धरला आणि ते जमले नाही तेव्हा त्यांचाच ग्रंथ त्यांच्या डोक्यात घातला. ही दंतकथाच असावी. दुसरी कहाणी अशी की एक नेत्रवैद्य मोतीबिंदू काढायला आला. राझींनी त्याला डोळ्याला पडदे किती ते विचारले. त्याला सांगता आले नाही, तेव्हा ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती आपला डोळा द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले. आणखी एका कथनात, जग पुष्कळ पाहून झाले, आता पुरे, असे म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. यांतले खरे कोणते कोण जाणे. भट्टीचा धूर आणि दिव्याचा उजेड यांत गेलेली वर्षे मात्र खरी होती.

हिजरी ३१३ च्या शाबानमध्ये, इसवी सन ९२५ मध्ये, राझी रय इथेच अल्लाहला प्यारे झाले. शाबानमध्येच जन्म, शाबानमध्येच मृत्यू. मागे टिपणांचा प्रचंड ढीग राहिला. शागीर्दांनी तो एकत्र केला, तो ‘अल-हावी’. १२७९ मध्ये सिसिलीतल्या फरज बिन सालिम या ज्यू विद्वानाने ख्रिस्ती राजासाठी त्याचा लॅटिन तर्जुमा पुरा केला. ग्रीक आणि हिंदी वैद्यांचे दाखले असलेले, मुस्लिम हकिमाचे पुस्तक ज्यू माणसाच्या हातून युरोपात पोहोचले. कोणी कोणाला धर्म विचारल्याशिवाय हे झाले असे नाही. पण विचारूनही पुस्तक पुढे दिले गेले.

कल्हईवाला आता येत नाही. स्टीलच्या भांड्यांनी त्याचा धंदा संपवला. मी मात्र दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात परीक्षानळीत चिमूटभर नवसागर तापवतो. मुलांना सूत्र लिहू देत नाही, नावही नाही. आधी काय दिसले ते लिहा, असे सांगतो. तळातली पांढरी पूड नाहीशी होते आणि नळीच्या वरच्या थंड काचेवर पांढरे कडे जमते. मुले वह्यांत ते कडे काढतात. मग मी फळ्यावर नाव लिहितो. यंदा रमजानच्या पहिल्या आठवड्यातच हा तास आला. तास संपल्यावर, त्या मागच्या बाकावरच्या मुलीला तेव्हा न दिलेले उत्तर मी या वर्गाला दिले. राझींना नवसागरात काय आहे ते माहीत नव्हते. तो आगीत काय करतो, हे मात्र त्यांनी पाहिले होते आणि पाहिले तेवढेच लिहिले.